पात्यावरचा ठसा

कमरेला मागच्या बाजूला आकडी आणि आकडीत कोयती, एवढा ऐवज अंगावर असला की खांडस-नांदगावकडचा ठाकर माणूस रानात जायला मोकळा. आकडी म्हणजे खाच पाडलेला लाकडाचा एक तुकडा, दोरीने कमरेला बांधलेला. कोयतीचं पातं त्या खाचेत वरून सोडायचं. मूठ वर राहते, पातं खाली लोंबतं, हात मागे गेला की न बघता मूठ सापडते. झाडावर चढताना, ओढा ओलांडताना, डोक्यावर फाटीचा भारा घेऊन उतरताना ते पातं अंगाला लागत नाही. चालताना लाकडावर लोखंड खट् खट् वाजत राहतं. कोथळीगडाच्या वाटेवर पावसाळ्याच्या धुक्यात पुढचा माणूस दिसेनासा झाला की त्या आवाजावरून मी वाट धरतो. ना म्यान, ना बटण, ना चामड्याचा पट्टा. कमरेवर धार वागवायची याहून साधी आणि याहून शहाणी सोय मी दुसरी पाहिलेली नाही.

धारदार वस्तूंचं मला लहानपणापासून वेड आहे. पेन्सिलीला टोक काढायला वडिलांनी घडीचा चाकू हातात दिला, तिथून ते सुरू झालं. वडील म्हणायचे, चाकू देताना मूठ समोरच्याकडे करून द्यायची आणि घेणाऱ्याने 'घेतला' म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. आजही मी तसंच करतो. पण चाकूची आवड आहे म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते. त्याच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला रामपुरी येतो, नाहीतर अलीकडे पुण्याच्या बातम्यांत गाजलेली 'कोयता गँग'. ज्या अवजाराने ऊस तुटतो, राबाची कवळं तोडली जातात, पावसाळ्याची फाटी जमते, त्याचं नाव गुन्ह्याच्या बातमीला चिकटावं, याचं मला वाईट वाटतं. उसाच्या फडात तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणून मोजतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. शस्त्रांच्या कायद्यातही हा भेद केलेला आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात, पण घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. कायद्याला जे समजलं ते बातम्यांचे मथळे देणाऱ्यांनाही समजायला हवं.

माझ्या खणात परदेशी चाकूही आहेत. कुणी भेट दिलेले, कुणी परदेशातून येताना आणलेले, एखादा मुंबईत विकत घेतलेला. त्यांतले तीन मी पाळीपाळीने वापरतो: फ्रान्सचा ओपिनेल, स्वीडनचा मोरा आणि स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. जगभरात चाकूंचे शौकीन या तिघांची तुलना करत बसतात. मीही करतो, पण माझ्या तुलनेत चौथा कारागीर असतो आणि तो खोपोलीला बसतो.

ओपिनेलवर माझा विशेष जीव आहे. बीच लाकडाची गोल मूठ, तिच्यात मिटणारं एक पातं आणि मुठीच्या तोंडाशी फिरणारी लोखंडी कडी. बाकी काही नाही. आठ नंबरचा ओपिनेल माझ्याकडे आहे, पातं साडेआठ सेंटिमीटरचं. हा चाकू काढणारा जोसेफ ओपिनेल आल्प्सच्या कुशीतल्या साव्हुआ प्रांतातला. अल्बिये-ल-व्हिय गावच्या एका पाड्यात त्यांचा लोहारभाता होता. आजोबा खिळे करायचे, वडील कुऱ्हाडी आणि झाडं छाटायचे कोयते. होय, कोयतेच. टोकाशी आत वळलेलं, फांदी ओढून तोडायचं तेच हत्यार तिकडच्या डोंगरातही लागतं. इंग्लंडात तर दर परगण्याचा कोयता वेगळ्या घडणीचा असतो, जसा आपल्या देशावरचा उसाचा कोयता पातळ आणि पसरट, आणि कोकणातली कोयती अरुंद, जड, नाकाशी वाकलेली. लोहाराचा हा पोरगा 1890 साली, अठरा वर्षांचा असताना, आसपासच्या शेतकऱ्यांसाठी खिशात मावेल असा स्वस्त चाकू करू लागला. 1897 मध्ये त्याने एक ते बारा नंबरांचे आकार ठरवले. 1909 मध्ये स्वतःची खूण नोंदवली: वर केलेला हात आणि त्यावर मुकुट. हात जवळच्या सँ-जाँ-द-मोरिएन गावच्या चिन्हातला, मुकुट साव्हुआच्या सरदारकीचा. ती फिरती कडी बरीच नंतरची, 1955 सालची. तोवर पातं नुसत्या लाकडाच्या घट्टपणावर उभं राहायचं.

हा घट्टपणा आपल्याकडे आषाढात कळतो. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत घरातल्या कपाटाची दारंसुद्धा फुगून बसतात. ओपिनेलची मूठही फुगते आणि पातं आत रुतून बसतं. नखाने ओढून ते येत नाही. साव्हुआचे लोक मुठीचं बूड टेबलावर किंवा जोड्याच्या टाचेवर ठक्कन आपटतात, त्यासरशी पात्याचं टोक बाहेर येतं. तिकडे त्या ठोक्याला 'साव्हुआवाल्याचा ठोका' असंच नाव आहे. बर्फाच्या मुलखातल्या शेतकऱ्याने शोधलेली युक्ती मी पेठच्या वाडीत शेणाने सारवलेल्या ओट्याच्या दगडी कडेवर वापरतो आणि बघणारी पोरं परत करून दाखवायला सांगतात. साध्या पोलादाचं पातं आहे, 0.9 टक्के कार्बन असलेलं. लिंबू कापून तसंच ठेवलं तर तासाभरात काळं पडतं. पण धार म्हणाल तर पाट्यावर दोन-चार वेळा फिरवली की कांद्याची साल पारदर्शक निघते. पावसाळाभर खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवावं लागतं. हे कौतुक करायची ज्याची तयारी नाही त्याने हा चाकू घेऊ नये. तोच चाकू न गंजणाऱ्या पोलादात मिळतो, तो घ्यावा.

मोराची गोष्ट वेगळी. हा मिटत नाही. स्वीडनमधल्या सिल्यान तळ्याकाठी मोरा नावाचं गाव आहे, तिथे चाकू करायची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. 1891 मध्ये फ्रॉस्ट-एरिक एर्सन अमेरिकेहून परत आला आणि त्याने लाकूड वाहायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. गाड्यांच्या कामाला लागणारे चाकूही तिथेच करू लागले, आणि पुढे गाड्या विसरल्या गेल्या, चाकू राहिले. जुन्या मोराच्या पात्याची रचना मला फार आवडते. मधोमध कडक पोलादाचा पातळ थर आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड. धार कडक, अंग लवचिक. आपले जुने लोहार कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद भरायचे, अंग साध्या लोखंडाचं ठेवायचे, ती हीच अक्कल. पोलाद महाग होतं तेव्हा दोन टोकांच्या दोन मुलखांतल्या कारागिरांनी ते सारखंच जपून वापरलं. आजचा मोरा एकसंध पात्याचा आणि रबरी मुठीचा येतो, किंमत बेताची. बांबूच्या कामट्या तासायला, मासे साफ करायला, शेवग्याच्या शेंगा सोलायला त्याच्याइतका विश्वासू चाकू नाही. मात्र कळकाचं बेट तोडायला त्याला लावू नये. शंभर-सव्वाशे ग्रॅमचं हत्यार ते, त्याला घाव घालायचं वजनच नाही.

व्हिक्टोरिनॉक्सबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. स्विस सैनिकांना लागणारे चाकू आधी जर्मनीतल्या झोलिंगेनहून येत होते. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराला ते सोसलं नाही. 1891 मध्ये त्याने स्वतःच्या देशात केलेले चाकू फौजेला दिले, त्यात जवळजवळ दिवाळं निघायची वेळ आली आणि 1897 मध्ये नोंदवलेल्या हलक्या, अनेक पात्यांच्या चाकूने तो तरला. आईचं नाव व्हिक्टोरिया, ती 1909 मध्ये गेली, तिच्या नावावरून कंपनीचं नाव. लाल मुठीतली छोटी कात्री मी सगळ्यात जास्त वापरतो. प्रवासाच्या पिशवीत तो असतोच. पण खरं सांगायचं तर तो मला कपाटातल्या औषधांच्या डब्यासारखा वाटतो: असावा, आणि रोज काढायची वेळ येऊ नये.

आता खोपोली. बोरघाटाच्या पायथ्याचं हे गाव, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं. घाटाच्या चढावर मालाने लादलेल्या ट्रकांचे पाटे तुटतात. पाटा म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या. तुटका पाटा गॅरेजमध्ये निघतो, भंगारात जातो आणि भंगारातून लोहाराकडे येतो. 'पाट्याची आहे' एवढंच कोयतीबद्दल सांगितलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही. या पोलादात कार्बन शेकडा 0.5 ते 0.6, ओपिनेलहून कमी. म्हणून त्याची धार तितकी तीक्ष्ण होत नाही, पण दगडावर बसली तरी तुकडा उडत नाही, नुसती खाच पडते आणि कानशीने निघते. लाखो वेळा वाकून सरळ व्हायला घडवलेलं पोलाद ते, घाव सोसणं हे त्याचं मूळचंच काम. विशेष म्हणजे याच खोपोलीत 1960च्या दशकात महिंद्र युजीनचा मिश्र पोलादाचा कारखाना उभा राहिला, युजीन या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने. पुढे तिथे जपानचं सान्यो स्पेशल स्टील आलं. हत्यारांना लागणारं उत्तम पोलाद जिथे ओतलं जातं त्याच गावात लोहार भंगाराच्या पाट्यावर घण घालतो. मला हे खटकतं. कारखान्याच्या सळ्यांचा एखादा भारा किलोच्या भावाने गावच्या लोहारांना मिळाला असता तर काय घडलं असतं, हा विचार मी अनेकदा केला आहे.

त्या लोहाराच्या भात्याशी मी पुष्कळ दुपारी घालवल्या आहेत. जागा अंधारी. मुद्दामच अंधारी, कारण लोखंडाचा रंग उजेडात नीट वाचता येत नाही. चामड्याचा भाता गेला, आता विजेचा पंखा घोंघावतो. पाट्याचा तुकडा निखाऱ्यात घातला की आधी मळका तांबडा होतो, मग संत्र्याच्या सालीचा रंग येतो, तेव्हा सांडशीने तो ऐरणीवर येतो. समोर घण घेऊन त्याचा भाऊ उभा. लोहाराच्या हातात लहान हातोडा. तो जिथे टिचकी मारेल तिथे घण पडायचा, आणि हातोडा रिकाम्या ऐरणीवर आडवा वाजला की घण थांबायचा. तोंडाने कुणी बोलत नाही. पाटा लांबतो, एका कडेने पातळ होत जातो, पातळ कड लांबली म्हणून पातं उलट्या बाजूला वाकायला लागतं. तो वाक तो ऐरणीच्या कडेवर पुन्हा आपल्याला हवा तसा फिरवतो. नाकाशी वजन ठेवायचं, पोटाशी कमी करायचं. मुठीकडचं टोक निमुळतं करून ठेवायचं, ते पुढे धामणीच्या लाकडात ठोकलं जातं आणि वर शेंबी बसते. धामण लवते, म्हणून हाताला घावाचा झटका बसत नाही.

खरं काम यानंतरचं. पाणी द्यायचं. पातं परत तापवून, लाल झालं की धारेची फक्त दोन बोटं रुंदी पाण्यात, पाठ बाहेर. आणि पातं स्थिर ठेवायचं नाही, पुढे-मागे हलवत राहायचं, नाहीतर पाण्याच्या रेघेवर चीर जाते. मग लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धारेजवळची काळी खपली घासायची. खाली पांढरं लोखंड चमकतं. पाठीत अजून उष्णता असते, ती हळूहळू धारेकडे सरकते आणि चमकत्या पट्ट्यावर रंग चालत येतात: आधी फिकट पिवळा, मग वाळल्या गवतासारखा, मग तपकिरी, त्यामागून जांभळा. पिवळ्यावर थांबलं तर धार वस्तऱ्यासारखी, पण ठिसूळ. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर स्प्रिंगसारखी लवचिक, पण धार धरत नाही. कोयतीला तपकिरी संपून जांभळा दिसू लागला की अख्खं पातं पाण्यात. हे सगळं मी लिहिलं त्याहून कमी वेळात होतं. पुस्तकात या रंगांची उष्णतामानं दिलेली असतात, तपकिरीला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास, जांभळ्याला पावणेतीनशेच्या पुढे. लोहाराला आकडे लागत नाहीत. मी एकदा विचारलं, कुठे थांबायचं ते कसं कळतं? तो म्हणाला, "काका, पाणी जास्त चढलं तर गिऱ्हाइकाचा कोयता मोडतो, कमी पडलं तर धार वळते. दोन्ही वेळेला तो माझ्याच दारात येतो."

मला हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण गिऱ्हाईक खरोखर परत येतं. आणि येताना तक्रार घेऊन येतं, मापं घेऊन येतं. कोळसाभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याला जाड पाठीची, जड कोयती लागते, दिवसभर सुकी लाकडं फोडायची असतात. राबासाठी ऐनाची कवळं तोडणाऱ्या ठाकराला हलकी हवी, कारण तो एका हाताने फांदी धरून लोंबकळत असतो. पण नाक जास्त वळलेलं हवं, म्हणजे दूरची डहाळी ओढून घेता येते. फाटी आणणाऱ्या बाईला मूठ बारीक लागते. कातकरी बाई मूठ हातात घेऊन दोन वेळा हवेत फिरवते आणि नुसतं "जड हाय" म्हणून खाली ठेवते, तेव्हा लोहार वाद घालत नाही, कानस उचलतो. दसरा उलटला की भातकापणीचे विळे पाजवायला येतात, दाते परत पाडायला येतात. कोकणात कृषी खात्याची माणसं भात जमिनीलगत कापा, वैभव विळ्याने कापा, असं सांगत असतात, कारण उंच खुंट ठेवला तर खोडकिड्याची अळी त्यात दबून राहते. त्या विळ्याचे दाते बोथट झाल्यावर शेतकरी तो टाकत नाही, तोही इथेच येतो.

साव्हुआच्या ओपिनेलचं गिऱ्हाईक सुरुवातीला असंच होतं, मोराचंही. दारात येणारं. आज त्या चाकूंचे कारखाने जगाला पुरतात आणि त्यांच्या धारेत उणं काढायला जागा नाही. तरी माझ्या उंचीला, माझ्या हाताला, माझ्या कामाला बघून त्यांनी ती वस्तू केलेली नसते. खोपोलीच्या कोयतीचा माझ्या लेखी वर नंबर लागतो तो यासाठी. तीस-चाळीस वर्षं तीच कोयती पाजवून पाजवून बारीक होत गेलेली मी वाड्यांमधून पाहिली आहे. शेवटी तिचं खुरपं होतं, पण ती भंगारात जात नाही.

घिसाड्यांबद्दल न लिहिता पुढे गेलो तर अन्याय होईल. दिवाळीनंतर चौकच्या किंवा कडावच्या बाजूला रस्त्याकडेला त्यांचं पाल पडतं. पूर्वी बैलगाडी असायची, आता टेम्पोही दिसतो. जमिनीत खड्डा करून भट्टी, जमिनीत रोवलेली ऐरण. नवरा सांडशी धरून बसलेला आणि घण घालणारी त्याची बायको. पदर खोचून, दोन्ही हातांनी घण डोक्यावर नेऊन ती घालते, तेव्हा तिचा नेम बघत राहावा असा असतो. बाजूला झोळीत मूल झोपलेलं. त्यांची खुरपी आणि विळ्या पातळ असतात, स्वस्त असतात, आणि खुरप्याच्या बाबतीत मी घिसाड्यालाच पहिला मान देईन. त्यांची अडचण एकच, पाल उठल्यावर त्यांना शोधायचं कुठे? वस्तू घेणाऱ्याला हा प्रश्न पडतो. त्या बाईच्या पोराला शाळेचा दाखला देणाऱ्यांनाही पडत असेल.

आणि खिशातली हत्यारं म्हणाल तर आपल्याकडे तीही होती. म्हाताऱ्यांच्या चंचीत अडकित्ता असायचा. एका हातात सुपारी आणि एका हातात अडकित्ता धरून बोलता बोलता पापुद्र्यासारखी कतरण पाडणं ही कला होती. पितळी अडकित्त्यावर मोर, घोडे काढलेले असायचे. माथेरानच्या बाजारात चपला शिवणाऱ्या कारागिराची रापी बघा. रुंद, चपटी, पुढे अर्धचंद्रासारखी. चामड्यात ती दाबत नाहीत, नुसती टेकवून ओढतात. रापीला धार लावताना तो कारागीर समोर कुणी पर्यटक उभा आहे की नाही हे बघतसुद्धा नाही. ओपिनेलच्या कुठल्याही आकारापेक्षा ती सुंदर आहे असं माझं मत आहे. 1985 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जगातल्या शंभर सुंदर वस्तूंत ओपिनेल धरला. रापी आणि आकडी त्यांनी पाहिली नसावी.

माझ्या खणातल्या प्रत्येक परदेशी पात्यावर नाव आहे. मुकुटाचा हात, स्विस क्रॉस, मोराचं गाव. माझ्या कोयतीवर काहीही नाही. ओपिनेल कंपनी आपल्या चिन्हाची परंपरा सांगताना 1565 सालापर्यंत मागे जाते; त्या वर्षी फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाने फर्मान काढलं की प्रत्येक सुरी-कारागिराने आपल्या मालावर स्वतःची खूण उठवलीच पाहिजे. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचे चाकू इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात यायचे, त्यांच्यावर तारा आणि माल्टाचा क्रॉस असायचा आणि लोक तो बघून घ्यायचे. त्याआधीही, मराठ्यांची फिरंग तलवार आठवा. पातं युरोपातून आलेलं, मूठ इथली. युरोपातल्या पात्यांवरच्या खुणांचा इतका बोलबाला होता की इथले कारागीर त्या खुणा स्वतःच्या पात्यांवर उठवत. स्वतःची तलवार, स्वतःचं पाणी, आणि ठसा दुसऱ्याचा. ज्या मुलखात सुती साडीलासुद्धा गावाचं नाव असतं तिथे पातं करणाऱ्याचं नाव कुठेच का राहू नये?

कारणं शोधली तर सापडतात. लोहार बलुतेदार होता. गावाने त्याला खळ्यावर धान्य द्यायचं आणि त्याने गावाची हत्यारं सांभाळायची. ज्याला पाच-दहा गावांतला प्रत्येक जण ओळखतो त्याला पात्यावर नाव कोरायची गरज काय? ही व्यवस्था तेव्हा पुरी पडली. त्यात लोहाराच्या जातीला कारागिरीचा मान किती मिळाला हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फारसं चांगलं नाही. साव्हुआतल्या लोहाराच्या पोराला स्वतःची खूण सरकारदरबारी नोंदवावीशी वाटली, कारण आपला माल दरीच्या पलीकडे विकला जाईल हे त्याला दिसत होतं. आमच्या लोहाराला दरीच्या पलीकडे बघायची वेळच कुणी आणली नाही.

आज ती वेळ आली आहे. बलुतं केव्हाच संपलं. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यांत दाबून काढलेले विळे-कोयते येतात, त्यांच्यावर छापील चिठ्ठी असते, वर कंपनीचं नाव असतं. स्वस्त पडतात. लोहारांची पोरं फार्महाउसांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करायला जातात, त्यात पैसा बरा आहे, आणि त्यांनी तसं केलं म्हणून त्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही. त्याच फार्महाउसांत शनिवार-रविवारी येणारे लोक स्वीडनची कुऱ्हाड आणि जपानची सुरी हौसेने मागवतात. त्यांना चांगल्या पात्याची कदर आहे. फाटकापासून दोन कोसांवर पाट्याची कोयती हाताने घडवणारा माणूस बसला आहे हे त्यांना माहीत नसतं, कारण त्याच्या कोयतीवर ते कुठे लिहिलेलंच नाही. कुणाकडे चांगली कोयती दिसली आणि 'कुठली?' विचारलं तर उत्तर येतं, 'बाजारातली.'

मी लोहाराला म्हटलं, माझ्या नव्या कोयतीवर तुझं नाव उठव. तो संकोचला. "नाव कशाला काका? माझा हात वळखतात सगळे." खोपोलीत ओळखतात, मी म्हटलं, पुण्याला कोण ओळखणार? त्याच्या भावाने भंगारातून अक्षरांचे दोन पोलादी पंच शोधून आणले, यंत्रांच्या भागांवर नंबर मारायला वापरतात तसले. नावाचं आणि आडनावाचं आद्याक्षर. खाली मी 'खोपोली' सुचवलं, पण तेवढी अक्षरं नव्हती. दोन अक्षरं उठली. थोडी तिरकी उठली. लोहाराने पातं उजेडात धरून बराच वेळ पाहिलं, मग मला विचारलं, दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या कोयतीवरही मारू का?

ओपिनेल घ्या, मोरा घ्या, दोन्ही घेण्याजोगे आहेत आणि मी ते सोडणार नाही. पण घरात बाग असेल, शेत असेल, आवारात चार नारळ असतील तर एक कोयती आपल्या तालुक्याच्या लोहाराकडून सांगून घडवून घ्या. कामाला कशी हवी ते त्याला सांगा, हात दाखवा, घासाघीस करू नका. आणि तिच्यावर त्याचं नाव मागा. पंच नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांचा अख्खा संच मिळतो, तो तुम्हीच त्याला नेऊन द्या. ठसा पाणी देण्याआधी, पातं लाल असताना, मुठीजवळच्या जाड भागावर मारायचा असतो. धारेजवळ मारला तर तिथून चीर जाते आणि पाणी दिल्यावर मारला तर तो नीट उठत नाही. म्हणून कोयती सांगाल तेव्हाच हेही सांगून ठेवा.